मुलांना आपलं सगळं माहीत असतं

आईबाबांनो,

राखेचा बुधवार जवळ आला की ख्रिस्ती घराघरांत एक यादी तयार होते. चाळीस दिवस मटण बंद, गोड बंद, बाबांची संध्याकाळची बाटली बंद, मुलांचा मोबाइल आईच्या कपाटात. वसईच्या कॅथलिक घरांत शुक्रवारची क्रुसाची वाट चुकवायची नाही, नगरकडच्या मंडळ्यांत संध्याकाळच्या उपासनेला हजर राहायचं. हे सगळं चांगलंच आहे. पण त्या यादीकडे जरा नीट पाहा. जिभेला जे जे गोड लागतं ते तिच्यात येतं. त्याच जिभेवरून मुलांच्या अंगावर जे सुटतं, ते मात्र क्वचितच येतं.

पालकांचे मेळावे भरतात तेव्हा प्रश्न येतात ते मुलांबद्दल. मुलगा खोटं बोलतो. मुलगी उलटून बोलते. संडे स्कूलला न चुकता येणारा पोरगा दृढीकरण झालं आणि चर्चची पायरी चढेनासा झाला. हे प्रश्न खरे आहेत, त्यामागची काळजीही खरी आहे. पण आज मला मुलांबद्दल बोलायचं नाही. आज आपण आपल्याबद्दल बोलू या. मुलं आपला उपदेश जितका ऐकतात त्याच्या कितीतरी पट आपल्याला न्याहाळतात, आणि न्याहाळून झाल्यावर बहुतेक वेळा गप्प बसतात.

त्यांना काय काय माहीत असतं? फोन वाजल्यावर ‘बाबा घरी नाहीत’ हा निरोप त्यांच्याच तोंडून गेलेला असतो. दोन भावंडांपैकी कुणाला हाक मारताना आईचा आवाज मऊ होतो, हे त्यांना अचूक कळतं. परवा बसलेली थप्पड सांडलेल्या दुधासाठी नव्हती, साहेबांनी बाबांना दिवसभर जे ऐकवलं त्यासाठी होती, हेही सातवी-आठवीतलं पोर ओळखतं. चर्चच्या दारात ‘जय ख्रिस्त’ म्हणणारा आवाज आणि परतताना रिक्षात पाळकांची उणीदुणी काढणारा आवाज एकाच माणसाचा आहे, हे तर त्यांना पाचव्या वर्षीच ठाऊक झालेलं असतं. तेव्हा आपली लपवाछपवी चालते ती फक्त आपल्यापाशी. घरात आपल्याविषयी सगळ्यांत कमी माहिती असलेला माणूस बहुधा आपणच असतो.

पवित्र शास्त्र याबाबतीत फार निर्भीड आहे. थोरामोठ्यांच्या घरातली अंडीपिल्ली ते झाकून ठेवत नाही. इसहाकाचा जीव थोरल्या एसावावर, कारण त्याने आणलेली शिकार बापाला आवडे. रिबकेचा जीव धाकट्या याकोबावर. आंधळ्या बापाला फसवून आशीर्वाद लाटायची युक्ती मुलाला शिकवली ती आईनेच. अशा घरात होरपळलेला याकोब स्वतः बाप झाल्यावर शहाणा व्हायला हवा होता. पण त्यानेही बारा मुलांतून एकट्या योसेफालाच वेगळा झगा करून दिला, आणि थोरल्या भावांनी त्या योसेफाला विकून टाकलं. घरातली जी गोष्ट कुणी कधी बोलून दाखवली नाही, ती पुढच्या पिढीत जशीच्या तशी उतरली.

दावीद राजाची कथा याहून बोचरी आहे. उरीयाची बायको त्याने घेतली, उरीयाला लढाईच्या तोंडी देऊन मारवलं आणि राज्यकारभार पूर्वीसारखा चालू ठेवला. नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला तेव्हा त्याने आल्याआल्या आरोप केला नाही. एका श्रीमंताने पाहुण्याच्या जेवणासाठी शेजारच्या गरिबाचं एकुलतं एक कोकरू हिसकावून कापलं, एवढीच हकिगत त्याने सांगितली. ऐकताच राजा खवळला, असल्या माणसाला मरणच हवं म्हणाला, वर चौपट भरपाईचा निकालही देऊन मोकळा झाला. मग नाथानने त्याला तोंडावर सांगितलं की हा खटला तुझाच आहे. इथे आपण पालकांनी थोडं थांबावं. दुसऱ्याच्या ज्या दोषावर आपण सगळ्यांत जास्त भडकतो, तो पुष्कळदा आपल्या चांगल्या ओळखीचा असतो. मुलगा बहिणीवर ओरडतो तेव्हा ते शब्द, ते हातवारे, टेबलावर आपटलेली ती मूठ कुणाची आहे, हे एकदा पाहावं.

दावीदाने आपला अपराध कबूल केला, त्याला क्षमाही मिळाली. पुढे काय झालं, ते मात्र आपण संडे स्कूलमध्ये सहसा सांगत नाही. त्याचा थोरला मुलगा अम्नोन याने सावत्र बहीण तामार हिच्यावर बलात्कार केला. दावीद फार रागावला, एवढंच शास्त्र सांगतं. त्याने मुलाला शिक्षा केली नाही, मुलीला न्याय दिला नाही. तामारचा सख्खा भाऊ अबशालोम दोन वर्षं दबा धरून बसला, त्याने अम्नोनाला मारवलं आणि पुढे बापाविरुद्धच बंड पुकारलं. आणखी एक मुलगा अदोनीया, त्याच्याबद्दल तर स्पष्ट नोंद आहे की बापाने त्याला उभ्या जन्मात कधी हटकलं नव्हतं. देवापुढे रडलेला हा बाप मुलांपुढे मुका झाला. ज्या वाटेवर आपण स्वतः घसरलो तिथून मुलाला कोणत्या तोंडाने मागे बोलवायचं, ही कोंडी आपल्यातल्या अनेकांना ठाऊक आहे. दारू पिणाऱ्या बापाला सिगारेट ओढणाऱ्या मुलाशी बोलता येत नाही, येतं ते फक्त ओरडता. देवाशी झालेला समेट घरच्या उंबऱ्याबाहेरच राहिला तर त्याची किंमत घर मोजतं.

एलीचं दुखणं निराळं. तो शिलो इथल्या मंदिराचा याजक होता. त्याची मुलं हफनी आणि फिनहास लोकांच्या अर्पणातलं मांस दांडगाईने लाटत, मंदिराच्या दारी सेवा करणाऱ्या बायकांशी व्यभिचार करत. एलीने त्यांना बोलून पाहिलं, पण आवरलं नाही. शेवटी देवाने एलीविरुद्धचा निकाल सांगितला तो त्याच्याच हाताखाली वाढणाऱ्या शमुवेल नावाच्या पोराला. पोर भेदरलं. सकाळी उठून त्याने मंदिराची दारं उघडली आणि तोंड मिटून राहिलं. तेव्हा म्हाताऱ्या एलीनेच त्याला हाक मारली आणि काहीही हातचं न राखता सांग म्हणून बजावलं. आपल्याविरुद्धची साक्ष एका लहान मुलाच्या तोंडून मागून घेणाऱ्या या म्हाताऱ्याबद्दल मला फार आदर वाटतो. त्याची शोकांतिकाही तिथेच आहे. त्याने सगळं ऐकलं, देवाची मर्जी म्हणून मान तुकवली, आणि त्यानंतर मुलांच्या बाबतीत त्याने काही केल्याची नोंद नाही. ऐकून घेणं ही अर्धीच वाट झाली.

आता शास्त्राबाहेरच्या एका आईकडे वळू. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या थागास्ते गावात, म्हणजे आजच्या अल्जीरियातल्या सूक अहरास इथे, मोनिका नावाची बाई राहत होती. 354 साली जन्मलेला तिचा मुलगा ऑगस्टीन पुढे ख्रिस्ती जगातल्या फार मोठ्या विचारवंतांत गणला गेला. भरकटलेल्या मुलासाठी वर्षानुवर्षं अश्रू ढाळणारी आई म्हणून संत मोनिका आपल्याला प्रवचनांतून ओळखीची आहे. तिची दुसरी एक गोष्ट कमी सांगितली जाते. ती ऑगस्टीनच्या आत्मकथनाच्या नवव्या भागात आहे. मोनिका लहान असताना आईवडील तिला पिंपातून द्राक्षारस काढून आणायला पाठवत. ओतण्याआधी ती नुसते ओठ लावून चाखायची. चाखता चाखता रोजचा घोट वाढत गेला आणि ती पेलेच्या पेले रिचवू लागली. सोबत जाणाऱ्या दासीला हे माहीत होतं. एक दिवस दोघींचं भांडण जुंपलं आणि दासीने तिला दारुडी म्हणून हिणवलं. शब्द वर्मी लागला. मोनिकाने स्वतःकडे पाहिलं आणि ती सवय तिथल्या तिथे सोडली.

ही गोष्ट ऑगस्टीनला कळली कशी? तोच सांगतो, आईने सांगितली म्हणून. पिंपापाशी घडलेली लहानपणची ती गोष्ट मोनिकाने पोटात ठेवली असती तर कुणाला कधी पत्ता लागला नसता. तिने ती पोटच्या मुलाला सांगितली. ती दासी मोनिकाचं भलं व्हावं म्हणून बोलली नव्हती, तिला झोंबावं म्हणून बोलली होती, हेही ऑगस्टीन आवर्जून लिहितो. आपल्याला टोचणारं खरं बहुधा असंच येतं. भांडणात येतं, वाकड्या सुरात येतं, ज्याने बोलू नये असं आपल्याला वाटतं त्याच्याच तोंडून येतं. सासू बोलते, भावजय बोलते, वयात आलेली मुलगी दार आपटून बोलते. सूर वाईट होता म्हणून सगळंच झटकून टाकायचं, की सूर बाजूला ठेवून त्यातलं खरं तेवढं उचलायचं, हे आपल्या हातात असतं. आईच्या तोंडून अशी कबुली ऐकलेल्या त्या मुलाने पुढे स्वतःची चोरी, वासना आणि मोठेपणाची हाव देवापुढे आणि वाचकांपुढे उघडी केली. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे, असं मला वाटतं.

त्याच ग्रंथात आईबापांना झोंबणारं आणखीही काही आहे. शाळेत मार खाऊन आलेल्या ऑगस्टीनच्या वळांना घरचे हसत. बाप पॅट्रिशियस बेताच्या ऐपतीचा. पण मुलाला कार्थेजला शिकायला धाडता यावं म्हणून त्याने अंथरुणाबाहेर पाय पसरले, आणि गावाने त्याची वाहवा केली. मुलगा माणूस म्हणून कसा घडतोय याची त्याला फिकीर नव्हती, वक्ता चांगला झाला की पुरे. मोनिकाही यातून सुटत नाही. मुलाचं पाऊल वाकडं पडतंय हे तिला दिसत होतं. पण आत्ता लग्न लावून दिलं तर पुढची प्रगती अडेल, म्हणून तिने तो विषय काढला नाही, असं ऑगस्टीन लिहितो. सोळाशे वर्षांपूर्वीचं हे घर आपल्या कोणत्या गल्लीत शोभणार नाही, सांगा बरं! नीटच्या क्लासची फी भरताना आपणही म्हणतो, हे सगळं त्याच्यासाठीच चाललंय. त्यातलं किती त्याच्यासाठी, किती आपल्या राहून गेलेल्या स्वप्नासाठी आणि किती नातेवाइकांत मान ताठ राहावी म्हणून, हा हिशेब आपण मांडत नाही. निकालानंतरच्या रविवारी चर्चच्या आवारात पेढे वाटले जातात, उपकारस्तुती होते. त्या वेळी कमी गुण मिळालेलं आपलंच दुसरं लेकरू कुठल्या कोपऱ्यात जाऊन उभं आहे, हे बघायचं राहून जातं.

कुणी विचारेल की स्वतःकडे बघा असं तर समुपदेशकही सांगतात, मग यात ख्रिस्ती श्रद्धेचं वेगळं काय? माझ्या मते वेगळेपण क्रमात आहे. जगाच्या व्यवहारात माणसाने आधी सुधारायचं, मग त्याला जवळ घेतलं जातं. शुभवर्तमानात उलटं घडतं. यरीहोचा जक्कय जकातीच्या नावाखाली लोकांना नाडून गबर झालेला. येशूने त्याला लुबाडणुकीचा हिशेब विचारला नाही. झाडावरून खाली बोलावलं आणि आज आपला मुक्काम तुझ्याच घरी, असं सांगितलं. लोक कुरकुरले. पण दारात पाहुणा आल्यावर जक्कयने आपण होऊन तोंड उघडलं. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवलं त्याला चौपट, असं तो म्हणाला. आधी प्रेम, मग सत्य, मग भरपाई. आपल्याला कुणी टाकून देणार नाही, हे एकदा कळलं की माणसाच्या अंगी स्वतःकडे बघायचं बळ येतं.

हा आधार नसेल तर सत्य माणसाचा जीवही घेतं. येशूच्या अटकेच्या रात्री दोन शिष्य चुकले. यहूदाने त्याला धरून दिलं, पेत्राने त्याची ओळख नाकारली. पस्तावले दोघंही. यहूदाने तर चांदीची तीस नाणी परत नेली, आपला अपराध बोलूनही दाखवला. पण तो गेला याजकांकडे, आणि तुझं तू बघून घे म्हणून त्यांनी हात झटकले. एकटा पडलेल्या त्या माणसाने जीव दिला. पेत्र ढसाढसा रडला, पण सोबत्यांमध्येच राहिला. पुढे सरोवराच्या काठी पुनरुत्थित येशूने त्याला, तीनदा नाकारणाऱ्याला, तीनदा प्रेमाविषयीच विचारलं, आणि प्रत्येक उत्तरानंतर आपल्या कळपाची राखण त्याच्यावर सोपवली. कोकरं सांभाळायचं काम कधीही न चुकलेल्याकडे गेलं नाही. ते गेलं चुकलेल्या आणि क्षमा मिळालेल्या माणसाकडे. आईबापांना धीर देणारं याहून मोठं काही शुभवर्तमानात मला सापडलेलं नाही.

पण याच श्रद्धेआड लपताही येतं, हे विसरून चालणार नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. पुढच्या काही वर्षांत त्यांनी शारदा सदन उभारलं, देशोदेशी नाव कमावलं. त्याच रमाबाईंनी 1907 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत लिहिलं की बाप्तिस्म्यानंतरही कित्येक वर्षं आपल्या हाती ख्रिस्ती धर्म होता, प्रत्यक्ष ख्रिस्त गवसला नव्हता. ही कबुली त्यांच्याकडे कुणी मागितली नव्हती, आणि ती दिल्याने त्यांच्या कामाला उणेपणाही आला नाही. मंडळीच्या कमिटीवर वर्षानुवर्षं बसलेल्या, प्रत्येक सणाला व्यासपीठावर असलेल्या आपल्यातल्या कितीजणांना स्वतःविषयी असं लिहिता येईल?

मुलांच्या बाबतीत तर आपण श्रद्धेचा सोयीने वापर करतो. ‘देव बघतोय’ हे मुलाला धाक घालायला म्हणतो, स्वतःला आठवण म्हणून नाही. आईबापांचा मान राखायची आज्ञा मुलांकडून घोकून घेतो. पण इफिसकरांस आणि कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रांत मुलांनंतर लगेच बापांनाही ताकीद आहे, की पोरांना डिवचू नका, त्यांचं मन खचेल असं वागू नका. ती ओळ कौटुंबिक उपासनेत किती घरांत मोठ्याने वाचली जाते?

आणि एक सत्य, ज्याच्याबद्दल आपल्या मंडळ्यांत दबक्या आवाजात बोललं जातं. ख्रिस्तात सगळे एक, असं आपण मुलांना शिकवतो. मुलीने एखादा ख्रिस्ती मुलगा पसंत केला की त्याच्याबद्दल आपली पहिली चौकशी असते, ‘मूळचे कोण?’ तीन-चार पिढ्यांमागे सोडून दिलेली जात सोयरिकीच्या बैठकीला बरोबर हजर होते. मुलं आपली दहा प्रवचनं विसरतील, ही बैठक विसरणार नाहीत.

लक्ष्मीबाई टिळकांनी या गोष्टीशी स्वतःच्या घरात झुंज दिली. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन वेगळ्या राहिल्या. नवऱ्याकडे परतल्यावरही त्यांचं सोवळंओवळं कडक होतं. माणसामाणसांतला हा भेद देवाने केलेला नाही, माणसांनी केला आहे, हे त्यांचं त्यांना विचारांती पटलं तेव्हाच ते सुटलं. 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी स्वतःचे हट्ट आणि फजित्या लिहिल्या, टिळकांचा तापट स्वभाव लिहिला आणि त्यांचं उदार मनही लिहिलं. रडगाणं नाही, झाकपाक नाही. दोष असे लख्ख मांडले म्हणून त्या दोघांविषयीचा मराठी वाचकाचा आदर घटला का? उलट वाढला. मुलांपुढे आपली चूक मान्य केली तर आपला वचक जाईल, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे पुस्तक जरूर वाचावं.

मग आपण करायचं काय? सुरुवात रात्रीच्या दहा मिनिटांपासून करता येईल. संत इग्नेशियस लोयोला यांच्या ज्या साधनाग्रंथाला 1548 साली पोपनी मान्यता दिली, त्यात आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या आहेत. आधी मिळालेल्या कृपेबद्दल आभार, मग स्वतःचे दोष दिसावेत म्हणून प्रार्थना, मग सकाळपासूनच्या दिवसाची उजळणी, मग क्षमायाचना आणि शेवटी सुधारण्याचा निश्चय. आभारांनी सुरुवात करायची हे ध्यानात ठेवा, नाहीतर आत्मपरीक्षणाच्या नावाखाली स्वतःला झोडपणं सुरू होतं. उजळणीत पालक म्हणून स्वतःला चार साधे प्रश्न विचारा. आज कुणाचं पुरतं ऐकून न घेता निकाल दिला? कुठला राग कुणावर काढला? कुणाची कुणाशी तुलना केली? मुलाला शब्द देऊन कुठे तो पाळला नाही?

स्वतःशीच केलेला हिशेब मात्र आपण आपल्या सोयीने मिटवतो. म्हणून तो दुसऱ्या माणसासमोर मांडायची रीत मंडळीने फार पूर्वीपासून ठेवली आहे. वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावं, असा नियम कॅथलिक परंपरेत 1215 सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने घातला. गोव्यात त्यालाच कुमसार म्हणतात. तिथे ऐकलेलं धर्मगुरूला कुणापुढेही उघड करता येत नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत प्रभुभोजनाआधी प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करायची असते. डोंगरावरच्या प्रवचनात तर येशू म्हणतो की वेदीपाशी अर्पण आणल्यावर कुणाचं आपल्याशी बिनसलेलं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जावं. तो दुखावलेला माणूस कधी कधी आपल्याच घरात, शेजारच्या खोलीत अभ्यासाला बसलेला असतो.

त्याच्यापुढे जाऊन बोलायचं ते थोडक्यात आणि नेमकं. ‘काल मी तुझ्यावर हात उचलला. तू दूध सांडलंस म्हणून नाही, मी कामावरून वैतागून आले होते म्हणून. ते चूक होतं.’ इथे थांबायचं. ‘पण तूही...’ एवढं तोंडातून निघालं की माफी संपली आणि खटला सुरू झाला. मुलाने लगेच हसावं, गळ्यात पडावं, अशी अपेक्षाही नको. त्याची क्षमा हे आपलं वसूल करायचं येणं नव्हे. त्याला वेळ लागेल, कदाचित तो आपल्याला दोन-तीनदा पारखूनही बघेल. तेवढा त्याचा हक्क आहे.

सांगताना मुलाचं वयही बघायचं. नवराबायकोतला विश्वासघात, कर्जाचे आकडे, तरुणपणीचे पस्तावे हे आठ वर्षांच्या लेकराच्या डोक्यावर ठेवायचं ओझं नाही. त्यासाठी धर्मगुरू आहेत, पाळक आहेत, समुपदेशक आहेत, विश्वासातला जुना स्नेही आहे. आपण मुलाशी जे चुकीचं वागलो ते, आणि त्याला पेलेल तेवढंच, त्याच्याशी बोलावं.

काही ठिकाणी, उदाहरणार्थ व्यसनात, नुसते शब्द अपुरे पडतात. दारू सोडू पाहणाऱ्यांची अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही संघटना 1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात सुरू झाली, आणि तिच्यावर ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीचे संस्कार होते. तिच्या बारा पायऱ्यांत स्वतःच्या दोषांचा निर्भयपणे झाडा घेणं आहे, देवापाशी आणि आणखी एका माणसापाशी कबुली आहे, ज्यांना दुखावलं त्यांची भरपाई आहे, आणि भरपाईने कुणाला नवी इजा होणार असेल तर हात आवरण्याचं भानही आहे. पुण्यातलं मुक्तांगण 1986 पासून व्यसनमुक्तीचं काम करत आहे. तिथे जाणं म्हणजे प्रार्थनेवरचा विश्वास उडणं नव्हे. आणि मुलाच्या शरीराशी कुणी दुर्वर्तन करत असेल, मग तो घरातला असो की मंडळीतला मान्यवर, तर मुलाला क्षमेचा धडा देत बसायचं नसतं. मुलांच्या मदतीसाठीचा 1098 हा नंबर लावायचा, पोलिसांत जायचं. 2012 च्या पॉक्सो कायद्याने असा गुन्हा कळवणं बंधनकारक केलं आहे. बाप गप्प राहिल्याने तामारच्या घराची काय गत झाली, ते आपण वर पाहिलंच.

प्रार्थना मुलांकडून पाठ करून घेता येते, शास्त्रवचनांची स्पर्धाही जिंकवता येते. पण देव क्षमा करतो हे खरं की नुसतं म्हणायचं, याची खात्री मूल घरातच करून घेतं. इथे चूक कबूल करणाऱ्याचं काय होतं, हे ते बघत असतं. ज्या घरात मोठ्यांना ‘मी चुकलो’ म्हणता येतं, तिथल्या मुलांना खोटं बोलायची गरज कमी पडते. आणि ज्या घरात मोठे कधीच चुकत नाहीत, त्या घरातल्या मुलांना क्षमा करणारा देव ही गोष्ट ऐकीव वाटत राहते.

तेव्हा आईबाबांनो, या आठवड्यात एवढं करा. घाई नसेल अशा वेळी मुलाला जवळ बसवा आणि विचारा, ‘माझं कोणतं वागणं तुला त्रास देतं?’ एलीने शमुवेलाला बजावलं तसं, काही हातचं राखू नको म्हणून सांगा. तो बोलेल तेव्हा मध्ये तोंड घालू नका, सफाई देऊ नका, आणि त्या उत्तराचा पुढे कधी त्याच्याविरुद्ध वापर करू नका. मग त्यातली एकच गोष्ट निवडा आणि बदलायला घ्या. एली जिथे थांबला तिथे आपण थांबायचं नाही. मूल अजून घरात आहे, आपल्याशी बोलतं आहे, तोवरच हे विचारून घ्या.